भाड्याच्या घरातली बुरशी: ठाण्यातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मालक परगावी किंवा परदेशी असतात आणि फ्लॅट भाड्याने दिलेला असतो, अशा घरांची देखभाल मी ठाण्यात करतो. हे प्रकरण त्यातल्याच एका घराचं. माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि निर्णय मात्र जसे झाले तसेच आहेत.

घोडबंदर रस्त्याच्या पट्ट्यातली सात मजली इमारत, वय पंधरा वर्षांच्या आसपास. सहाव्या मजल्यावरचा कडेचा टू बीएचके. मालक निवृत्त, नाशिकला राहणारे. या फ्लॅटच्या भाड्यावर त्यांच्या घरखर्चाचा मोठा भाग चालतो. भाडेकरू तिशीतलं जोडपं, चार वर्षांचा मुलगा आणि वर्षातले काही महिने गावाहून येऊन राहणारी आजी. करार अकरा महिन्यांचा, नोंदणी केलेला लीव्ह अँड लायसन्स. त्यात एक ओळ होती: गळती आणि बांधकामाशी संबंधित दुरुस्ती मालकाकडे, रोजच्या वापरातली किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याकडे. ही ओळ पुढे फार उपयोगी पडली.

घराची रचना सांगायला हवी, कारण सगळा गुंता तिच्यातच होता. मोठ्या बेडरूमची एक बाहेरची भिंत नैर्ऋत्येला तोंड करून आहे. तिला खिडकी नाही, वर छज्जा नाही. मुंबई-ठाण्यात अशा भिंतीला ‘डेड वॉल’ म्हणतात आणि पावसाळी वाऱ्याचा पहिला मारा तिच्यावरच बसतो. या बेडरूमला लागून मुलाची खोली. दोन्हींच्या मधली भिंत चार इंची. मोठ्या बेडरूममध्ये एसी आहे, मुलाच्या खोलीत नाही. आजीला एसी सोसत नाही, म्हणून नातू आणि आजी त्या खोलीत पंख्याखाली झोपत. खोलीतलं प्लायवूडचं कपाट मधल्या भिंतीला अगदी चिकटून उभं होतं.

तक्रार

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मेसेज आला: “दादा, मुलाच्या खोलीत कपाटामागे सगळं काळं झालंय. आमच्या बेडरूमच्या भिंतीलाही ओल आहे. मुलाचा खोकला तीन आठवडे झाले तरी जात नाही. लवकर कोणाला तरी पाठवा.” सोबत चार फोटो.

मी ते मालकांना पाठवले. त्यांचं उत्तर: “पावसाळ्यात सगळ्यांकडेच बुरा येतो. खिडक्या उघड्या ठेवायला सांगा. दिवाळीच्या आधी रंग काढून देऊ.” सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं, तर ते म्हणाले की हा फ्लॅटच्या आतला प्रश्न आहे, सोसायटीचा संबंध नाही. दोन दिवसांनी भाडेकरूंनी कळवलं की दुरुस्ती झाली नाही तर ते स्वतः करून घेतील आणि पुढच्या भाड्यातून पैसे कापतील. इंटरनेटवर त्यांनी कायद्याचं कलमही वाचलं होतं.

घर अजून कोणी नीट पाहिलंही नव्हतं, तोवर तीन पक्षांनी दोष कोणाचा हे ठरवून टाकलं होतं. बुरशीच्या तक्रारी नेहमी इथेच अडकतात. मालक राहणीला दोष देतो, भाडेकरू घराला देतो, सोसायटी दोघांना देते. पाणी कुठून येतंय हे कोणी विचारत नाही. बुरशीला भिंत, लांबी (रंगाखालची पुट्टी), प्लाय, कापड काहीही चालतं. तिला लागते ती ओल. ओल कुठून येते हे कळलं की काम कोणाचं हे बहुतेक वेळा आपोआप ठरतं.

पाहणी

पहिल्या भेटीत मोठ्या बेडरूमची भिंत आधी पाहिली. छताखाली बीम संपतो आणि भिंत सुरू होते, बरोबर त्या रेषेपासून खाली तपकिरी कडा असलेले डाग उतरले होते. लांबी फुगली होती, बोट लावताच पोपडे सुटत होते आणि खाली पांढरी भुकटी होती. ती बुरशी आहे असं भाडेकरूंना वाटत होतं. ओला कापूस लावला तर ती विरघळली. म्हणजे तो क्षार होता: भिंतीतून पाणी बाहेर येतं, सुकतं आणि सिमेंट-विटांमधले क्षार मागे ठेवून जातं. बुरशी पाण्याने विरघळत नाही, पसरते. त्या भिंतीवर खरी बुरशी फक्त खालच्या कोपऱ्यात, तळहाताएवढी होती.

मग मुलाच्या खोलीतलं कपाट दोघांनी मिळून पुढे ओढलं. कुबट वासाने आधी खिडकी उघडावी लागली. कपाटाची मागची प्लाय हिरवट-करड्या थराने भरली होती आणि भिंतीवर काळे ठिपके दाट पसरले होते, कपाटाच्या आकाराचा चौकोन आखल्यासारखे. खालच्या कप्प्यातल्या मुलाच्या शाळेच्या बुटांवर पांढरा बुरा होता. पण इथे लांबी फुगलेली नव्हती, पोपडे नव्हते, क्षार नव्हता, डागाला कडा नव्हती. कपाटाच्या बाहेरची तीच भिंत जवळपास स्वच्छ होती.

दोन्ही ठिकाणी काळं दिसत होतं, म्हणून सगळ्यांनी पाणी एकच धरलं होतं. मला ते पटेना. मुलाच्या खोलीतली ती भिंत आतली आहे. तिच्या पलीकडे पाऊस नाही, बाथरूम नाही, पाइप नाही. मग तिला ओल कुठून?

साधी चाचणी केली. जाड पारदर्शक प्लास्टिकचे हातभर तुकडे दोन्ही भिंतींवर चारही कडांना टेप मारून बंद केले आणि दोन दिवस तसेच ठेवले. मोठ्या बेडरूममध्ये प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, पाण्याचे थेंब होते. पाणी भिंतीतून येत होतं. मुलाच्या खोलीत आतली बाजू कोरडी आणि वरची, खोलीकडची बाजू पहाटे दमट. पाणी हवेतून येत होतं.

कारण एसीत सापडलं. मोठ्या बेडरूममध्ये एसी रात्रभर 18 अंशांवर चालायचा. चार इंची भिंत थंड व्हायची आणि तिची दुसरी बाजू मुलाच्या दमट खोलीत. हवा 28 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असेल, आणि आपल्याकडे जुलैत हे रोजचंच आहे, तर पृष्ठभाग साधारण 25 अंशांपर्यंत थंड झाला की त्यावर पाणी सुटायला लागतं. थंड पाण्याचा तांब्या बाहेरून ओला होतो, तसंच. त्यात पावसामुळे कपडे त्याच खोलीत दोरीवर वाळत होते. कपाट चिकटून असल्याने मागे वारा नव्हता, त्यामुळे सुटलेलं पाणी दिवसाही सुकत नव्हतं.

म्हणजे मालकांचं म्हणणं एका खोलीपुरतं खरं होतं आणि भाडेकरूंचं दुसऱ्या खोलीपुरतं. मालकांनी सुचवलेला उपाय मात्र चुकीचा होता. खिडकी उघडी ठेवली असती तर पावसाळ्यातली दमट हवाच थंड भिंतीवर आणखी आली असती.

कोणते पर्याय होते

लगेच रंग काढणं. मालकांना हाच पर्याय स्वस्त वाटत होता, रंगारी दोन दिवसांत मिळाला असता. ओल्या भिंतीवर लांबी आणि रंग म्हणजे पाणी आत कोंडणं. महिन्याभरात पोपडे पुन्हा आले असते आणि तोवर घरात रंगाचा वासही राहिला असता. मी ठाम नकार दिला.

हवेची किंवा बुरशीची प्रयोगशाळेत तपासणी. ही मागणी भाडेकरूंची होती. काळी बुरशी विषारी असते असं त्यांनी वाचलं होतं आणि चार वर्षांच्या मुलाच्या आईबापाला ती भीती वाटणारच. रंगावरून जात कळत नाही. घरात सर्रास सापडणाऱ्या कितीतरी बुरशा काळ्या दिसतात. ओल आणि बुरशीबद्दल जागतिक आरोग्य संघटनेची 2009 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत ‘इतकी बुरशी चालेल’ असा सुरक्षित आकडा दिलेला नाही. ओल हटवा आणि दिसते ती बुरशी काढा, हाच त्यांचा रोख आहे. अहवालात कुठलंही नाव आलं असतं तरी आम्हाला करायचं काम तेच राहिलं असतं. हे भाडेकरूंना समजावलं आणि तपासणीचे पैसे प्लायच्या बदलीवर घालायचं ठरलं.

भाडं कापणं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 14 मध्ये ही सोय आहे. मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू किमान 15 दिवसांची नोटीस देऊन ती स्वतः करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षभरात त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. पण हे कलम ‘भाडेकरू’साठी आहे. लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत परवानाधारक असतो आणि त्याला हे संरक्षण सरसकट मिळत नाही. त्याचा खरा आधार म्हणजे करार. इथे करारात गळतीची जबाबदारी मालकावर स्पष्ट टाकली होती, त्यामुळे भाडं न कापताही त्यांची बाजू भक्कम होती. मी त्यांना सुचवलं की भाडं पूर्ण द्या आणि मागणी लेखी करा, त्या ओळीचा उल्लेख करून.

घर सोडणं. करारात सहा महिन्यांचा लॉक-इन होता, म्हणजे त्याआधी घर सोडलं तर दंड, आणि तो संपायला थोडा काळ बाकी होता. घरातली एक खोली राहण्याजोगी नसताना लॉक-इनवर बोट ठेवणं मला योग्य वाटत नव्हतं आणि तसं मालकांना सांगितलं. त्यांनी वेळ घेतला, पण मान्य केलं: जायचं असेल तर दंड लागणार नाही. भाडेकरूंनी तूर्त राहायचं ठरवलं.

मालकांशी बोलताना मी इंग्लंडमधल्या रॉशडेलचं उदाहरण दिलं. तिथे 2020 च्या डिसेंबरमध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा श्वसनाच्या आजाराने गेला. घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्याने हे झालं, असा निष्कर्ष 2022 च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या चौकशीत निघाला. वडिलांनी 2017 मध्ये पहिल्यांदा तक्रार केली तेव्हा त्यांना वरून रंग मारायला सांगितलं होतं आणि पुढे दोष कुटुंबाच्या राहणीवर टाकला गेला. त्या मुलाच्या नावाने तिथे कायदा झाला आणि सामाजिक गृहनिर्माणातल्या घरमालकांना ओल-बुरशीच्या तक्रारीवर ठराविक मुदतीत हालचाल करणं ऑक्टोबर 2025 पासून बंधनकारक झालं. आपल्याकडे अशी मुदत नाही, म्हणून ती आपणच घालून घ्यावी लागते. मालकांचा सूर या संभाषणानंतर बदलला. “मुलाला आधी त्या खोलीतून हलवा,” हे त्यांचं पुढचं वाक्य होतं.

काय केलं

आजी आणि नातू त्याच रात्री हॉलमध्ये झोपायला गेले. बालरोगतज्ज्ञांनी खोकल्याचं एकच कारण सांगायला नकार दिला होता, पावसाळ्यात खोकला दहा कारणांनी होतो, पण मूल त्या खोलीत नको इतकं सांगितलं होतं. आम्हाला तेवढं पुरे होतं. खोकला बुरशीमुळेच झाला हे सिद्ध करून मागणं, किंवा नाही झाला म्हणून दुरुस्ती लांबवणं, दोन्ही चुकीचं.

मुलाच्या खोलीची सफाई मूल बाहेर असताना झाली. मास्क, हातमोजे, साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलेली फडकी. कोरड्या ब्रशने घासलं की बुरशीचे कण हवेत उडतात, म्हणून ब्रश वापरला नाही. घरकाम करणाऱ्या मावशी ब्लीचिंग आणि टॉयलेट क्लीनर एकत्र करून आणणार होत्या. ते थांबवलं. क्लोरिनवालं ब्लीच आणि ॲसिडवालं क्लीनर मिसळलं की विषारी क्लोरिन वायू निघतो, आणि बंद खोलीत तो बुरशीपेक्षा कितीतरी पटीने घातक. कपाटाची मागची प्लाय काढून टाकली, नवी बसवली आणि कपाट दुसऱ्या भिंतीकडे, वीतभर अंतर सोडून ठेवलं. एसी 25-26 अंशांवर आला. कपडे बाल्कनीत, वर ताडपत्री बांधून.

मोठ्या बेडरूमचं पाणी बाहेरून येत होतं, त्यामुळे तिथे सोसायटीशिवाय गत्यंतर नव्हतं. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये कोणती दुरुस्ती संस्थेने स्वखर्चाने करायची याची यादी आहे आणि पावसाच्या पाण्याची गळती त्यात येते. फ्लॅटच्या आतल्या संडास, सिंक वगैरेंची गळती सदस्याकडे. मालकांच्या सहीचं पत्र, प्लास्टिक चाचणीचे तारखेसह फोटो आणि गच्चीवरून झूम करून काढलेला बाहेरच्या भिंतीचा फोटो असं सगळं कमिटीला दिलं. त्या फोटोत बीम आणि ब्लॉकची भिंत यांच्या सांध्यावरून आडवी भेग स्पष्ट दिसत होती. काँक्रीट आणि ब्लॉक उन्हा-पावसात सारखे हलत नाहीत आणि प्लास्टर करताना सांध्यावर जाळी मारलेली नसेल तर हीच रेषा उघडते.

कमिटीची पहिली प्रतिक्रिया थंड होती. एक सदस्य म्हणाले की भाडेकरूंच्या तक्रारीवर सोसायटी पैसे का घालेल. फ्लॅट भाड्याने दिला म्हणून मालक मेंटेनन्सवर बिनभोगवटा शुल्कही भरतात. त्यांच्या फ्लॅटची बाहेरची भिंत इतरांच्या भिंतीइतकीच संस्थेची आहे. हे शांतपणे, पण मिनिट्समध्ये नोंदवून सांगितलं. त्याच ओळीत चौथ्या मजल्यावरही ओल असल्याचं तिथल्या ताईंनी बैठकीत सांगितलं तेव्हा चर्चा वळली.

भर पावसात भेग कायमची बुजवता येत नाही, ओल्या पृष्ठभागावर काहीच धरत नाही. ऑगस्टमध्ये चार दिवस उघडीप मिळाली तेव्हा दोरीवर उतरणाऱ्या माणसाकडून भेगेत पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, म्हणजे लवचिक भराव, भरून घेतलं. त्यामुळे ओल निम्म्यावर आली, थांबली नाही. पक्कं काम नोव्हेंबरमध्ये झालं: भेग व्ही आकारात उघडून पॉलिमर मॉर्टर, वर जाळी, मग लवचिक वॉटरप्रूफ रंगाचे थर. खर्च सोसायटीने केला. आतलं फुगलेलं प्लास्टर खरवडून भिंत काही आठवडे उघडी वाळू दिली. रंग त्यानंतर, मालकांच्या खर्चाने.

भाड्याचा प्रश्न सगळ्यात शेवटी सुटला. एक खोली वापरता येत नव्हती, तेवढ्या महिन्यांसाठी मालकांनी भाड्यात सूट दिली, भाडेकरूंना हवी होती त्यापेक्षा कमी. लेखी मेसेजवर दोघांनी मान्यता दिली. डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापणार नाही, हेही त्याच मेसेजमध्ये लिहून घेतलं.

निष्पत्ती

मुलाच्या खोलीतली बुरशी सफाईनंतर परत आली नाही. पुढच्या पावसाळ्यात मोठ्या बेडरूमची भिंत कोरडी राहिली, एका कोपऱ्यात जून अखेरीस हलका डाग आला तेवढा. त्यावर सोसायटीने ठेकेदाराला पुन्हा बोलावलं. मुलाचा खोकला सप्टेंबरपर्यंत गेला. तो कशाने गेला यावर मी काही म्हणणार नाही.

भाडेकरूंनी कराराचं नूतनीकरण केलं नाही. भाड्यातल्या सुटीवरून झालेली घासाघीस त्यांना लागली होती. “काका चांगले आहेत, पण प्रत्येक गोष्टीसाठी भांडावं लागलं,” असं मुलाची आई जाताना मालकांबद्दल म्हणाली. डिपॉझिट पूर्ण परत मिळालं.

काय वेगळं करता आलं असतं

पहिला निर्णयाचा क्षण मेसेज आला तो. त्या दिवशी मालकांचं उत्तर “माणूस अमुक दिवशी येऊन पाहील” असं असतं तर भाडं कापण्याची भाषा आलीच नसती. खर्चाचं आश्वासन तेव्हा कोणी मागत नव्हतं, फक्त येऊन बघा म्हणत होते.

भाड्यातली सूट शेवटी ठरवणं ही मोठी उणीव. खोली बंद झाली त्याच आठवड्यात आकडा ठरला असता तर तो बहुधा तेवढाच ठरला असता, पण मनात अढी राहिली नसती. शेवटी दिलेली सूट मेहेरबानीसारखी वाटते.

भाडेकरूंनीही काळे ठिपके जूनच्या मध्यावर पाहिले होते आणि घरचंच काहीतरी म्हणून पुसून टाकले होते. तेव्हाच फोटो पाठवला असता तर प्लाय वाचली असती. डिपॉझिटच्या भीतीने लोक अशा गोष्टी लपवतात, हे मी अनेक घरांत पाहतो. म्हणून आता नव्या करारांत एक ओळ आम्ही आग्रहाने घालतो: ओल किंवा बुरशी दिसल्यावर सात दिवसांत कळवलं तर त्या डागाचे पैसे डिपॉझिटमधून कापले जाणार नाहीत, आणि मालकाने कळल्यापासून सात दिवसांत पाहणी करायची.

सोसायटीसाठी वेळ मे महिन्याची होती. बाहेरच्या भिंतींची भेगांसाठी पाहणी पावसाआधी झाली असती तर चौथ्या आणि सहाव्या मजल्याचं काम एकाच परांचीवर, निम्म्या त्रासात उरकलं असतं. आता कमिटीने ती पाहणी दरवर्षी एप्रिल अखेरीस करायचा ठराव केला आहे. चौथ्या मजल्याची भिंत मात्र अजून बाकी आहे. तिथल्या फ्लॅटच्या मालकांनी पत्रच दिलेलं नाही.